वर्गबंधूंचे कुशलवृत्त

शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले, हे जाणण्याची इच्छा जशी शिक्षकास असते, तशीच ती एका वर्गात बसलेल्या मुलामुलींस एकमेकांविषयी असते. एकाच फळ्याकडे पाहून ज्यांनी पाढे पाठ केले, एकाच शिक्षकांच्या छडीची धास्ती ज्यांनी बाळगली, त्यांच्यामध्ये पुढे वीस-तीस वर्षांचे अंतर पडले तरी काही नाते उरतेच. ते रक्ताचे नसते व व्यवहाराचेही नसते. ते केवळ हजेरीपटाचे असते. ह्या नात्याचा एक नित्याचा विधी म्हणजे एकमेकांचे वर्तमान विचारणे: तू कोठे असतोस, काय करतोस, मुले काय शिकतात, आईवडील कसे आहेत? ह्या विधीविषयी आम्ही ह्या अंकात चार शब्द लिहू इच्छितो. कारण तो दिसतो तितका साधा आता राहिलेला नाही, असे आमचे मत झाले आहे.

पूर्वी शाळांच्या वार्षिक अंकांत माजी विद्यार्थ्यांच्या वृत्ताचे एखादे सदर असे. अमुक विद्यार्थी टपाल खात्यात लागला, तमुक तलाठी झाला, अमकीने अध्यापनाची परीक्षा दिली, तमक्यास कन्यारत्न झाले, अशा त्यात ओळी असत. ओळी कोरड्या खऱ्या. परंतु त्यांत एक मोठा गुण होता. संपादकास पानावरील जागा मोजून द्यावी लागे, म्हणून डॉक्टरास दोन ओळी मिळाल्या तर कारकुनासही दोनच मिळत. आता हे काम व्हॉट्सॲपवरील वर्गगटाने आपल्याकडे घेतले आहे. तेथे जागेस मर्यादा नाही. आणि जेथे जागेस मर्यादा नसते तेथे ज्याचा आवाज मोठा त्याचे वृत्त मोठे होते. नव्या घराचे, नव्या मोटारीचे, परदेशातील बर्फाचे चित्र येते. त्याखाली पाचपंचवीस अंगठे उमटतात. मात्र पंचावन्न जणांच्या वर्गातील वीस जण वर्षभरात एक अक्षरही लिहीत नाहीत. ते वाचतात सर्व. सांगत काही नाहीत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, वर्गाच्या वृत्तात जोपर्यंत ह्या वीस जणांचे वृत्त येत नाही, तोपर्यंत ते वर्गाचे वृत्त नव्हेच; आणि ते मिळविण्याचे उत्तरदायित्व गप्प राहणाऱ्यांवर नसून विचारणाऱ्यांवर आहे.

हा प्रश्न सर्वच गावांत असेल, परंतु आमच्या सोलापुरात त्यास विशेष धार आहे. येथे पहिली कापडगिरणी १८७० च्या दशकात उभी राहिली. पुढे तीच ‘जुनी मिल’ ह्या नावाने ओळखली गेली. तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या, आणि पिढ्यान् पिढ्या ह्या शहराचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर उजाडला व मावळला. त्या काळी वर्गातील बहुतेक मुलांची वाट ठरलेली असे. कोणी साच्यावर जाई, कोणी जॉबर होई, कोणी हिशेबाच्या खात्यात बसे. पण भोंगा सर्वांचा एकच होता, आणि संध्याकाळी चौकात भेट झाल्यावर कुशल विचारण्यास निराळा मेळावा भरवावा लागत नसे. जुनी मिल १९६० च्या दशकात बंद पडली. विसावे शतक संपत आले तेव्हा इतर मोठ्या गिरण्यांचाही शेवट जवळ आला होता. ह्या पडत्या काळात जी मुले दहावीच्या वर्गात बसली होती, ती आज चाळिशीच्या पुढे आहेत. आम्हीही त्यांच्यापैकीच.

गिरणी गेली आणि वर्गाच्या दोन वाटा झाल्या. एक वाट रेल्वेने पुण्यास, मुंबईस, हैदराबादेस आणि तेथून पुढे समुद्रापार गेली. दुसरी वाट येथेच राहिली. कोणी अक्कलकोट रस्त्यावर टॉवेल-चादरींच्या यंत्रमागावर गेले, कोणी दुकानात बसले, कोणी रिक्षा घेतली, आणि पुष्कळ जण चिंचोळीस गेले. पुण्याच्या रस्त्याने बाळे, केगाव, कोंडी ही गावे मागे टाकून पुढे गेले म्हणजे मोहोळ तालुक्यात चिंचोळी काटी गावालगत ही औद्योगिक वसाहत लागते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली; त्याने राज्यभर ज्या वसाहती वसविल्या त्यांतील ही एक. पहिल्या पाळीच्या बसमध्ये डबा मांडीवर घेऊन अर्धवट झोपेत बसलेल्या माणसांत, शोधू गेल्यास, सोलापूरच्या प्रत्येक शाळेच्या प्रत्येक वर्गाचा कोणी ना कोणी सापडेल.

आता ह्या दोन वाटांची भेट कशी होते ते पाहावे. गेल्या काही वर्षांत आम्ही पुष्कळ स्नेहमेळावे पाहिले; काहींत वर्गबंधू म्हणून बसलो, काहींत शिक्षक म्हणून हारतुरे स्वीकारले. मेळाव्याचा दिवस बाहेरगावाहून येणाऱ्यांच्या सोयीने ठरतो. म्हणून तो दिवाळीच्या, नाताळच्या सुट्टीत किंवा जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या सुमारास येतो. जागा महामार्गावरील एखादे मोठे हॉटेल. वर्गणी माणशी पंधराशे रुपये. पुण्याहून येणाऱ्यास हा आकडा काहीच वाटत नाही. परंतु ठेकेदाराकडे रोजावर असलेल्या माणसास ती वर्गणी आणि त्या दिवसाचा खाडा, असा दुहेरी भुर्दंड पडतो. तो ‘जमत नाही रे, दुसरी पाळी आहे’ असे कळवितो, आणि आयोजक यादीत त्याच्या नावापुढे फुली मारतात. त्याच्या न येण्याचे कारण कोणी लिहून ठेवीत नाही.

जे येतात त्यांच्यातही समता नसते. अशा एका मेळाव्यात प्रत्येकाने उठून आपला परिचय द्यावा असे ठरले. एका संगणक-अभियंत्याने आपल्या कंपनीचे नाव, हाताखालील माणसांची संख्या, पाहिलेले देश व मुलाच्या शाळेची फी येथपर्यंत सर्व सांगितले. लोकांनी टाळ्या वाजविल्या, आणि त्यात गैर काही नव्हते. त्यानंतर मागील ओळीतील एक वर्गबंधू उठला. त्याने आपले नाव सांगितले, ‘चिंचोळीला असतो, एमआयडीसीत,’ असे म्हटले व तो खाली बसला. त्यास कोणी एकही प्रश्न विचारला नाही. तो काय करतो, किती वर्षे करतो, त्यास मुले किती, हे विचारण्याजोगे आहे असे त्या सभागृहात कोणासही वाटले नाही. पुढचा उठला, माइक पुढे गेला.

पुढे चहाच्या वेळी त्यास गाठून चौकशी केली तेव्हा कळले की, तो बावीस वर्षे यंत्रावर आहे. संगणकावर चालणाऱ्या लेथवर तो असे भाग कातून काढतो की, ज्यांची चूकभूल मायक्रॉनांत मोजतात. आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आयटीआयमधून नवी आलेली मुले प्रथम त्याच्याच हाताखाली देतात. अशी किती मुले त्याने तयार केली हे त्याने मोजलेले नाही. त्याची थोरली मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. हे सर्व वृत्तच होते, आणि पुष्कळांच्या वृत्ताहून भरीव होते. परंतु ते माइकवर आले नाही. कारण तेथे विचारला गेलेला खरा प्रश्न ‘काय करतोस?’ हा नव्हताच. तो होता ‘कोठवर पोहोचलास?’ आणि जो कोठेच गेला नाही, त्याने त्या प्रश्नास काय उत्तर द्यावे?

पिकते तेथे विकत नाही, ही म्हण आपण उठता-बसता वापरतो, पण ती आपल्याच माणसांस लागू पडते हे आपल्या ध्यानात येत नाही. चिंचोळीत काय पिकते हे सोलापूरकरांपैकी किती जणांस ठाऊक आहे? १९९२ साली स्थापन झालेल्या सोलापूरच्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ह्या कंपनीचे कारखाने येथे आहेत. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातील तो दांडा, की ज्याच्या उंचवट्यांनी झडपा नेमक्या क्षणी उघडतात व मिटतात. चार-टप्प्यांच्या इंजिनात मुख्य दांड्याचे दोन फेरे होतात तेव्हा ह्याचा एक फेरा होतो. तो ताल चुकला तर इंजिन चालणार नाही. हे दांडे येथून देशातील व परदेशांतील मोटार-कारखान्यांकडे जातात, आणि फोर्ड व जनरल मोटर्स ही नावे त्या ग्राहकांत आली आहेत. तेव्हा परदेशात राहणारा आमचा एखादा वर्गबंधू ज्या मोटारीचे चित्र गटावर पाठवितो, त्या मोटारीच्या पोटातील दांडा चिंचोळीत ओतला व घासला गेला असणे अगदी शक्य आहे. एकाने मोटारीचे चित्र पाठविले, दुसऱ्याने मोटारीचे काळीज केले; टाळ्या मात्र चित्रास पडल्या.

दुसरे उदाहरण औषधांचे घ्यावे. १९८८ साली स्थापन झालेल्या बालाजी अमाइन्स ह्या कंपनीचा एक कारखाना चिंचोळीत आहे. अमाइन ह्या वर्गातील रसायने ही पुष्कळ औषधांचा कच्चा माल असतात. त्यांतीलच डायमिथाइल अमाइन ह्या रसायनाच्या क्षारापासून मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील औषध तयार करतात. चाळिशी ओलांडलेल्या कोणत्याही वर्गाच्या मेळाव्यात जेवणापूर्वी खिशातून ही गोळी काढणारे चार-दोन जण निघतातच. त्या गोळीची वाट अशा रसायनांच्या कारखान्यांतून येते, हे त्यांपैकी कोणास माहीत असते? हे आम्ही कारखान्यांची थोरवी गाण्याकरिता लिहीत नाही. ‘एमआयडीसीत असतो’ ह्या लहानशा वाक्याच्या आड केवढे काम असते, हे दिसावे एवढाच आमचा हेतू आहे.

कोणी म्हणेल, दूर गेलेल्यांचा अभिमान बाळगणे वाईट की काय? मुळीच नव्हे. ह्याच सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ कोटणीस जन्मले. मुंबईत वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते १९३८ साली राष्ट्रीय सभेच्या पाच डॉक्टरांच्या पथकाबरोबर युद्धग्रस्त चीनमध्ये गेले. इतर चौघे परत आले, कोटणीस राहिले. तेथे ते बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले, ग्वो छिंगलान ह्या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला, १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांस मुलगा झाला. त्याचे नाव ‘यिन्हुआ’, म्हणजे भारत आणि चीन, असे ठेवले. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. सोलापूरहून इतक्या दूर गेलेल्या माणसाचे वृत्त आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. परंतु ते का सांगतो? ते चीनपर्यंत पोहोचले म्हणून नव्हे. तेथे त्यांनी जे केले त्याकरिता. जखमी सैनिकांच्या खाटेशी उभे राहून केलेले ते काम चिंचोळीत केले असते तरी तेवढेच मोठे झाले असते. अंतर हे कर्तृत्वाचे माप नव्हे, हा धडा खरे पाहता कोटणिसांच्याच चरित्रातून घ्यावयाचा आहे.

वर्गबंधूंचे वृत्त गोळा करण्याची पद्धत जगात इतरत्र फार जुनी आहे. अमेरिकेतील हार्वर्ड महाविद्यालयात एका वर्षी पदवी घेतलेल्यांचे वृत्त दर पाच वर्षांनी पुस्तकरूपाने काढतात. त्यात ज्याने त्याने आपला संसार, नोकरी, सुखदुःख लिहावयाचे असते. ह्याच महाविद्यालयातील २६८ विद्यार्थ्यांना निवडून १९३८ साली एक अभ्यास सुरू झाला. ह्या तरुणांच्या प्रकृतीचे, नोकरीचे व घरसंसाराचे वृत्त ते म्हातारे होईपर्यंत विचारीत राहावयाचे, असा तो संकल्प होता. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जॉन केनेडी हे त्यांपैकी एक. परंतु हे सर्व सुस्थितीतील महाविद्यालयाचे तरुण. म्हणून बोस्टन शहराच्या गरीब वस्त्यांत वाढलेल्या ४५६ मुलांचा जो दुसरा अभ्यास जवळपास त्याच काळात चालू होता, तो पुढे ह्यास जोडण्यात आला. दोन्ही गटांस वर्षानुवर्षे तेच प्रश्न विचारले गेले. त्यातून निघालेला मुख्य निष्कर्ष असा: वयाच्या पन्नाशीत जे आपल्या नात्यांविषयी अधिक समाधानी होते, ते ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी आढळले, रक्तातील कोलेस्टेरॉलच्या मापानेही त्यांच्या पुढील प्रकृतीचा तितका अंदाज करता आला नाही. म्हणजे ज्या एका गोष्टीवर म्हातारपण सुखाचे किंवा दुःखाचे होते, ती गोष्ट पगाराच्या आकड्यात अथवा हुद्द्यात नव्हती. आम्हांस ह्या हकिकतीतील एक गोष्ट विशेष विचारणीय वाटते. त्या संशोधकांनी गरीब वस्तीतील मुलांस निराळे, सोपे प्रश्न विचारले नाहीत, अथवा त्यांचे उत्तर एका ओळीत उरकून पुढे गेले नाहीत. त्यांच्या उत्तरांवाचून निष्कर्ष अर्धा राहिला असता. आमच्या वर्गगटांचा निष्कर्ष मात्र आम्ही त्या अर्ध्यावरच काढीत आलो आहोत.

त्या अभ्यासातही प्रारंभी एक उणीव होती: त्यात स्त्रिया नव्हत्या. पुढे पुष्कळ वर्षांनी त्या तरुणांच्या पत्नींस त्यात घेण्यात आले. आमच्याकडे तर वर्गभगिनींचे वृत्त हा सर्वांत अवघड भाग आहे. लग्नानंतर नाव बदलते, आडनाव बदलते, गाव बदलते. हजेरीपटावर जी होती ती जणू अदृश्य होते. सापडलीच तर तिचा परिचय ‘हिचे यजमान अमुक खात्यात अधिकारी आहेत’ असा करून देतात, आणि तीही मान डोलावते. पूर्व भागातील आमच्या एका वर्गभगिनीस ह्या गटात यावयाचे नव्हते. ती घरी विड्या वळते. पाने व तंबाखू शाखेतून आणावयाची, घरकाम सांभाळून विड्या वळावयाच्या, त्या मोजून पुन्हा शाखेत द्यावयाच्या. मजुरी हजारामागे ठरलेली. ‘तुमच्यात येऊन मी काय सांगू?’ असे ती म्हणाली. गणितात ती वर्गात पहिल्या तिघांत असे, हे सर्वांस आठवत होते. फक्त तिलाच ते आठवून देणारे कोणी नव्हते. तिच्या मिळकतीवर दोन मुले पदवीपर्यंत पोहोचली. हे सांगण्याजोगे नसेल तर सांगण्याजोगे काय असते, हे आम्हांस कळत नाही.

येथवरचे विवेचन वाचून कोणास वाटेल की, हा केवळ मानपानाचा प्रश्न आहे. तसे नाही. वर्गाचे वृत्त पुरते असणे किंवा नसणे ह्यावर कित्येकदा माणसांचे प्राण अवलंबून असतात. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा दूरदेशी असलेल्या आमच्या एका वर्गबंधूची आई येथे एकटी आजारी पडली. विमाने बंद, पैसे असून उपयोग नाही, रुग्णालयात खाट मिळेना. त्याने गटावर लिहिले. रात्री अकरा वाजता दुसऱ्या पाळीहून घरी परतलेल्या एका वर्गबंधूने ते वाचले, आणि हातपाय न धुता तो दुचाकी काढून निघाला. पहाटेपर्यंत त्याने चार रुग्णालये पालथी घातली व पाचव्या ठिकाणी त्या माउलीस दाखल केले. पुढील बारा दिवस डबा त्याच्याच घरून गेला. त्या बाई बऱ्या झाल्या. हा मनुष्य गटावर कधी काही लिहीत नसे. तो गटात होता, एवढेच. आणि तो गटात होता म्हणून ते झाले. ह्याच्या उलटही घडले. त्याच दिवसांत आमच्या वर्गातील एकाचे निधन झाले. तो गटात नव्हता, त्याचा पत्ता कोणाकडे नव्हता, आणि ती वार्ता आम्हांस आठ महिन्यांनी, तीही योगायोगाने, कळली. त्याच्या मुलाची त्या वर्षीची फी भरण्यास निदान दहा हात पुढे आले असते. परंतु ज्याचे वृत्त कोणी ठेवले नाही, त्याच्या दारात उभे तरी कसे राहावे?

गेलेल्यांनी राहिलेल्यांकरिता काही केले नाही, असेही आमचे म्हणणे नाही. चिंचोळीत काम करणाऱ्या एका वर्गबंधूच्या मुलास पुण्यात महाविद्यालयात प्रवेश मिळाला तेव्हा पहिले तीन महिने तो वडिलांच्या वर्गमित्राच्या घरी राहिला. कोणाच्या शस्त्रक्रियेस, कोणाच्या मुलीच्या मुलाखतीस, दूर असलेल्यांनीच हात दिला आहे. अर्थात ही देवघेव दोन्हीकडून चालते. परंतु मागणे तेव्हाच शक्य होते, जेव्हा आपली खरी स्थिती सांगण्याची लाज वाटत नाही. ज्या गटात केवळ यशाच्या वार्ता येतात, त्यात ‘कारखान्याने ठेका बदलला, दोन महिने घरी आहे’ हे वाक्य कोण लिहील?

ह्यावर एक आक्षेप आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. ‘ज्यास बोलावयाचे नाही त्यास का छेडावे? गप्प राहणे हाही त्याचा अधिकार आहे.’ आक्षेप खरा आहे, आणि कोणाच्या घरची झाकली मूठ उघडावी असे आम्ही सुचवीत नाही. परंतु स्वेच्छेने गप्प राहणे निराळे, आणि आपणास कोणी विचारणारच नाही हे ओळखून गप्प बसणे निराळे. पहिल्यास मान द्यावा. दुसऱ्याचे कारण दूर करावे. दुसरा आक्षेप असा की, यश सांगणाऱ्याने मग सांगूच नये की काय? अवश्य सांगावे, आनंद वाटल्याने वाढतो. मात्र सांगून झाल्यावर शेजाऱ्याकडे वळून ‘आता तू सांग’ एवढे म्हणावे, आणि त्याचे ऐकण्यास सांगण्याइतकाच वेळ द्यावा.

म्हणून पुढील काही सूचना आम्ही माजी विद्यार्थ्यांपुढे व शाळेपुढे ठेवितो. पहिली: परिचय हुद्द्याच्या क्रमाने न होता हजेरीपटाच्या क्रमाने व्हावा. हजेरी घेताना शिक्षकांनी जो क्रम पाळला, तोच क्रम तीस वर्षांनी मोडण्याचे कारण नाही. दुसरी: प्रश्न असे असावेत की ज्यांस प्रत्येकाजवळ उत्तर आहे. ‘हातांनी कोणते काम करतोस? ते कोणास शिकविलेस? घरी कोणाची काळजी घेतोस? तुला कशाची गरज आहे?’ ह्या प्रश्नांस उत्तर देताना अभियंता व यंत्रचालक एकाच पायरीवर उभे राहतात. तिसरी: वर्गणीचा आकडा सर्वांत कमी मिळकतीच्या वर्गबंधूस विचारून ठरवावा. शाळेचे पटांगण व घरचे डबे ह्यांनी मेळाव्याची गोडी कमी होत नाही. चौथी: दिवस ठरविताना पाळ्यांचे वेळापत्रक पाहावे. रेल्वेचे वेळापत्रक आपण पाहतोच. पाचवी: वर्गभगिनींचे नाव हजेरीपटावर होते तसेच प्रथम घ्यावे, आणि यजमानांचा हुद्दा त्यांस स्वतःस सांगावासा वाटला तरच सांगावा. सहावी: दिवंगत झालेल्यांची नावे मेळाव्याच्या आरंभी वाचावीत, व त्यांच्या घरी वर्षातून एकदा तरी कोणी जाऊन यावे.

शेवटची सूचना शाळेस आहे. स्नेहसंमेलनास प्रमुख पाहुणे म्हणून आम्ही माजी विद्यार्थ्यांस बोलावितो, तेव्हा बहुधा दूर जाऊन मोठे झालेल्यांसच बोलावितो. ते यावेत, परंतु एका वर्षाआड चिंचोळीतला माजी विद्यार्थी व्यासपीठावर बसावा. दहावीच्या मुलांची एक सहल कारखाना पाहण्यास जावी, आणि तो कारखाना त्यांस शाळेच्याच माजी विद्यार्थ्याने दाखवावा. समोर बसलेल्या मुलांपैकी अर्धी मुले उद्या येथेच राहावयाची आहेत. गावी राहिला तो मागे राहिला, अशी समजूत जर ती शाळेतूनच घेऊन बाहेर पडली, तर उद्याच्या मेळाव्यातील गप्प बसणारी माणसे आम्हीच आज तयार करीत आहोत, असे म्हणावे लागेल.

विद्यार्थीमित्रहो, हे सर्व तुमच्यापासून फार दूर आहे असे समजू नका. आज ज्याच्याशी तुम्ही पेन्सिलीवरून भांडता, तोच उद्या मध्यरात्री तुमच्या आईस रुग्णालयात नेणारा असेल. आपल्या वर्गाचा हजेरीपट एका वहीत उतरून ठेवा. त्यातील एकही नाव गळू देऊ नका. पुढे तुम्ही पुण्यास असा, परदेशी असा, की चिंचोळीच्या पहिल्या पाळीस असा. जुना सोबती भेटला म्हणजे आपल्या सोलापुरी रीतीने ‘काय बे, कसा हायस?’ एवढेच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

पुढील अंकापासून ह्या वार्षिकात माजी विद्यार्थ्यांच्या वृत्तास दोन पाने राखून ठेवावीत, अशी विनंती आम्ही संपादक मंडळास करीत आहोत. प्रत्येकास दोन ओळी. कमी नाहीत व अधिक नाहीत. त्या दोन ओळी लिहून पाठविण्यास कोणासही संकोच वाटू नये, एवढी आपली शाळा मोठी होवो.